साइडचा एक्सरे काढाच
आजची केस डोक्यातून जात नाहीये. बाईकवरून पडलेला तरुण मुलगा, आधी कुठेतरी मनगटाचा नुसता समोरून एक्सरे काढून मुरगळलंय म्हणत क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलेला, आणि माझ्याकडे आला तेव्हा अंगठा, तर्जनी, मधलं बोट पार बधिर. साइडचा एक्सरे काढला तर मनगटातलं ल्युनेट हे हाड कलंडलेल्या कपासारखं तळहाताच्या बाजूला सरकून थेट मिडियन नर्व्हवर (याच बोटांना संवेदना देणारी नस) दाबून बसलेलं.

मनगटात 8 छोटी हाडं, समोरच्या एक्सरेत त्यांच्या 3 सलग कमानी दिसायला हव्यात, एक जरी तुटलेली वाटली तरी थांबायचं. साइडने रेडियस (कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याच्या बाजूचं हाड), ल्युनेट, कॅपिटेट (मनगटाच्या मधोमधचं हाड) एका ओळीत पाहिजेत. बघायला मिनिटभरही लागत नाही हो, तरी राहून जातं, याचा खरंच त्रास होतो.

ऑपरेशनमध्ये पुढून कार्पल टनेल (ही नर्व्ह जिथून जाते तो मनगटातला बोगदा) उघडून नर्व्ह मोकळी केली, हाड जागेवर बसवलं, मग मागून ल्युनेट आणि शेजारचं स्कॅफॉइड ही हाडं जोडणारं फाटलेलं लिगामेंट अँकरने (हाडात बसवायचा दोरा लावलेला छोटा खिळा) शिवून के-वायर (हाडं जागेवर धरणाऱ्या बारीक तारा) टाकल्या. आता बरेच आठवडे प्लास्टर, नंतर फिजिओ. मनगट पूर्वीसारखं पूर्ण वाकेलच असं नाही, हे त्याच्या आईला स्पष्ट सांगितलं, बोटं मात्र आजपासूनच हलवायला लावलीत.