वादीच्या पलीकडे राहिलेली गाडी

२००९ साली मी पूर्व चाडमध्ये होतो, सुदानच्या सीमेजवळ फारशाना नावाचं गाव आहे तिथं, एका वैद्यकीय मदत संस्थेत लॉजिस्टिक्सला. लॉजिस्टिक्स म्हणजे गोडाऊन, डिझेल, जनरेटर, लसींचे फ्रीज, आणि तिकडं त्यातच सिक्युरिटी पण येते, कारण गाड्या आपल्या ताब्यात, रेडिओ आपल्या ताब्यात, मग कोण कुठं पोचलं ते बघायचं पण आपणच. घरी फोनवर मी सांगायचो की ऑफिसचं काम आहे, जे तसं खोटं नव्हतं.

थोडं मागचं सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. २००३ मध्ये दारफुरात, म्हणजे सुदानच्या पश्चिम भागात, लढाई सुरू झाली तेव्हापासून तिकडचे लोक सीमा ओलांडून येत होते, आमच्या भागात बहुतेक मसालीत जमातीचे. पूर्व चाडमध्ये बारा कॅम्प आणि सगळे मिळून अडीच लाखांच्या आसपास सुदानी निर्वासित, शिवाय चाडमधलेच विस्थापित वेगळे. सीमेच्या दोन्ही बाजूंनी बंडखोर, दोन्ही सरकारं एकमेकांच्या बंडखोरांना पोसणार, आणि कॅम्प बरोब्बर मधे. मार्च २००६ मध्ये ब्रेजिंग आणि त्रेगिन या दोन कॅम्पमधून हजारो पुरुष आणि पोरं लढायला भरती करून नेली होती, यूएनचा अंदाज ४७०० चा आहे. त्यामुळं कॅम्पची सिक्युरिटी म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं कुंपण आणि गेटवर बंदूकवाला, पण कुंपण वगैरे काही नसतंच. बायका सरपणाला लांब जातात तिथं त्यांच्यावर हल्ले होतात, पोरांना कोण येऊन भेटतंय ते कळत नाही, खरा प्रश्न तो.

बंदोबस्ताची रचना पण जरा विचित्रच होती. सप्टेंबर २००७ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावानं आधी युरोपियन फौज आली, १५ मार्च २००९ ला तिनं यूएनच्या फौजेकडं काम सोपवलं, तिला मिनुरकाट म्हणायचे. मंजुरी ५२०० सैनिकांची, तेवढे कधी भरलेच नाहीत. त्यात नेपाळी तुकडी होती, त्यातले कुणी भेटले की हिंदीत गप्पा, तेवढंच बरं वाटायचं. पण कॅम्पमध्ये आणि रस्त्यावर रोजचं काम डीआयएसचं, म्हणजे चाडचेच पोलीस आणि जांदार्म (लष्करी धाटणीचे पोलीस), यूएनच्या पोलिसांनी ट्रेनिंग दिलेले. त्यांच्यात बायका पण होत्या, सरपणाला जाणाऱ्यांसोबत जायचं, कॅम्पात चौकी चालवायची, आणि आमच्या गाड्यांना एस्कॉर्ट द्यायचा. अडचण अशी की रस्त्यावरच्या लुटारूंना (तिकडं त्यांना कूपर द रूत म्हणतात) माणसं नकोच असायची, त्यांना लँड क्रूझर पाहिजे असायची. नवी, पांढरी, डिझेलवरची, जी सीमेपलीकडं नेली की मागं मशिनगन बसवता येते. डीआयएसवाल्यांवर सुद्धा त्यांच्या गाड्यांसाठी हल्ले व्हायचे.

त्या दिवशी, ऑगस्ट महिना, आमच्या दोन गाड्या त्रेगिनहून फारशानाला परत येत होत्या, पुढं डीआयएसचा पिकअप. पहिल्या गाडीत डॉक्टर लोक, दुसरीत आमची नर्स, चाडच्या दक्षिणेकडची, आणि ड्रायव्हर हाजी. हज करून आलेले म्हणून सगळे त्यांना हाजीच म्हणायचे, साठीला आलेले गृहस्थ. वाटेत एक वादी लागते. एरवी कोरडी वाळू, पण वर कुठंतरी पाऊस झाला की आपल्याकडं ओढ्याला लोंढा येतो तसं पाणी येतं, इकडं आभाळ स्वच्छ असलं तरी. पिकअप पार झाला, पहिली गाडी पार झाली, आणि तेवढ्यात पाणी आलं. एस्कॉर्ट एका काठाला, हाजी दुसऱ्या काठाला.

रेडिओवर मी होतो. कॉन्व्हॉय लीडरनं विचारलं थांबायचं का, मी म्हटलं पाणी उतरायला रात्र होईल आणि सहानंतर रस्त्यावर राहायचं नाही हा नियम आहे, दुसरी गाडी मागं हजेर हदीदला जाऊ दे, तिथं आमचा बेस आहे. हाजी म्हणाले, "माफी मुश्किला," काही अडचण नाही, आणि वळले.

अर्ध्या तासाने रेडिओ चेक केला तर उत्तर नाही. हजेर हदीदला विचारलं तर अजून पोचले नाहीत. लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर हाक मारली, थुराया सॅटेलाइट फोनवर फोन लावला, काही नाही. भिंतीवर पांढरा बोर्ड असतो, प्रत्येक गाडीच्या नावाचं मॅग्नेट, ते जागेवरून हलवत जायचं. ती एकच गाडी दोन गावांच्या मधे, आणि मी तिच्याकडं बघत बसलेलो. आमचा रेडिओ ऑपरेटर दर पाच मिनिटांनी तीच हाक त्याच आवाजात मारत होता, न चिडता, न घाबरता, ते कसब माझ्यात नाही. तास होत आल्यावर यूएनच्या रेडिओ रूमला कळवलं, डीआयएसच्या हजेर हदीदच्या चौकीला कळवलं, मग अबेशे शहरात आमच्या वरिष्ठांना. ते म्हणाले नातेवाइकांचे नंबर काढून ठेव. मी फाईल काढली पण उघडली नाही.

साडेचारच्या सुमाराला हजेर हदीदच्या बेसवर एक पोरगा घोड्यावर बसून आला. त्याच्याकडं लसीकरणाच्या नोंदीचा कागद, मागं नर्सच्या अक्षरात फ्रेंचमध्ये दोन ओळी: माणसं ठीक आहेत, गाडी गेली. खाली गावाचं नाव. डीआयएसचे लोक जाऊन दोघांना घेऊन आले, अंधार पडायच्या आत.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मी तिकडं गेलो. बेसवरचे सांगत होते की नर्स आली तीच लसीचा थंड डबा हातात घेऊन, आणि कुणी पाणी विचारायच्या आधी तिनं फ्रीज कुठाय विचारलं. गोवराच्या लसी होत्या. आतल्या आइस पॅकमध्ये अजून बर्फ होता, थर्मामीटर सात दाखवत होता, म्हणजे आठच्या आत, म्हणजे चालतंय. लुटारू पाच होते, कदमूलनं, म्हणजे डोक्याच्या फेट्यानं, तोंडं बांधलेले, त्यांनी फोन घेतले, रेडिओ घेतला, पण तो डबा खाली ठेव म्हटल्यावर तिनं सांगितलं की यात पोरांची लस आहे, आणि त्यांनी दिला सोडून. का, ते तिला पण माहीत नाही.

हाजी मात्र संतापलेले. बंदूक लावली म्हणून नाही हां. लुटारूंतल्या ज्या पोरानं गाडी घेतली त्याला ती चालवता येत नव्हती म्हणून. वाळूत फोर बाय फोर लावलं तरी पुढच्या चाकांचे हब आधी खाली उतरून हातानं फिरवून लॉक करावे लागतात, ते त्याला ठाऊकच नाही, नुसता ॲक्सिलरेटर देतोय आणि चाक खाली खाली चाललंय. शेवटी हाजींनीच उतरून हब लावून दिले. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, गाडी तिथंच रुतली असती तर हे पाचजण आणि आम्ही दोघं तिथंच बसलो असतो, आणि अंधार पडल्यावर त्यांचं डोकं कसं चाललं असतं ते अल्लालाच माहीत. सिक्युरिटीच्या ट्रेनिंगमध्ये हे कुठंच नव्हतं, पण मला विचाराल तर त्या दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय तो होता.

मग मीटिंग. अर्धे म्हणाले एस्कॉर्ट वाढवा, अर्धे म्हणाले बंदुकीसोबत फिरणारी संस्था असं नाव झालं की ज्या गावानं कागद पोचवायला घोडा दिला ते गाव पुढच्या वेळी देणार नाही. दोन्ही खरं होतं. त्या गावचे शेख स्वतः आले होते, दिलगिरी व्यक्त करायला, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, तुम्ही एवढ्या नव्या गाड्या आणता कशाला? कुणाला त्यावर उत्तर सुचेना. त्रेगिनच्या बायकांच्या समितीचा प्रश्न अजून साधा, पुढच्या आठवड्यात लस येणार का.

आली. हजेर हदीदच्या एका व्यापाऱ्याची जुनी हायलक्स भाड्यानं घेतली, एक दार दोरीनं बांधलेलं, छतावर ज्वारीची पोती, आत आमची नर्स आणि तिचा डबा. एस्कॉर्ट ठेवला पण लांबून, रस्त्यावर आधी जाऊन थांबायचं असा. ती हायलक्स शेवटपर्यंत कुणाला नको होती. (२०१० च्या अखेरीस चाडच्या सरकारच्या आग्रहानं मिनुरकाट निघून गेली, डीआयएस मागं राहिलं. एप्रिल २०२३ नंतर सुदानमधून परत लोंढे आले तेव्हा बातम्यांत सीमेवरचं अद्रे आणि आमचं फारशाना ही नावं पुन्हा वाचली.)

राहता राहिला विमा. फॉर्ममध्ये एक रकाना, घटनेच्या वेळी गाडीची चावी कुणाकडं होती. मी हाजींना वाचून दाखवला. म्हणाले, "त्यांच्याकडं, मीच दिली, आणि हब कसे लावायचे ते पण शिकवलं, लिही." मी पहिलं अर्धंच लिहिलं.