अळसांद्यांच्या मुळांवरच्या गाठी : वायंगणी वाफ्यांची नोंद

दोन वाफे, भातकापणीनंतरच्या ओलीवर. एकात दरवर्षी अळसांदे (चवळीचाच प्रकार) होतात. दुसरा भाटाच्या (माडांच्या बागेच्या) कडेचा, जांभ्याच्या मातीचा, कडधान्य कधीच न लागलेला, सामू (pH) 5.3, म्हणजे आम्लधर्मी. दोन्हीकडे अर्ध्या ओळी बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून झाडाला हवेतला नत्र मिळवून देणारे जीवाणू) लावून, अर्ध्या कोऱ्या.

बीजप्रक्रिया : किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम पावडर. पाकिटावर चवळी, मूग किंवा उडीद असं लिहिलेलं हवं. हरभऱ्याचं इथे उपयोगाचं नाही. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार केला. द्रावण बी जेमतेम ओलं होईल इतकंच घ्यायचं, सगळं ओतायचं नाही. अळसांद्याचं साल पातळ. पाणी जास्त झालं की सुरकुततं आणि चोळताना सुटून हातात येतं. वरून चुनखडीची बारीक पूड, बी पांढुरकं दिसेपर्यंत, म्हणजे आम्लाचा पहिला तडाखा जीवाणूंना बसत नाही. शिंपल्या भाजून केलेला चुना मात्र नको, तो दाहक असतो. सावलीत सुकवून त्याच संध्याकाळी पेरणी. बुरशीनाशक लावलेलं रंगीत बी घेतलं तर ही सगळी खटपट फुकट.

पाचवा आठवडा : झाड उपटायचं नाही, गाठी मातीतच तुटून राहतात. कुदळीने ढेकूळ उचलून बादलीत भिजवलं. भाटाकडच्या प्रक्रियेच्या ओळींत सोटमुळाच्या वरच्या भागात गाठींचे घोस, पात्याने कापल्यावर आत लालसर, म्हणजे कामाच्या. कोऱ्या ओळींत पानं फिकट, गाठी तुरळक, बारीक, आतून पांढऱ्या, म्हणजे बिनकामाच्या. जुन्या वाफ्यात मात्र दोन्ही ओळी सारख्याच! तिथे मातीतले जीवाणू आधीच ठाण मांडून आहेत, पाकिटातल्यांना जागा मिळत नाही. अशा जमिनीत पावडरीवर पैसे घालण्यात अर्थ दिसत नाही.

जिथे कोंबडीखत जास्त पडलं, तिथे वेल गर्द हिरवे आणि मुळं जवळपास रिकामी. नत्र आयता मिळाला की झाड गाठी कशाला पोसेल?

काही मुळांवरच्या फुगवट्यांनी फसायला होतं. नखाने ढकलल्यावर सुटते ती गाठ. मूळच फुगलेलं असेल आणि सुटत नसेल तर सूत्रकृमी (मुळात शिरणारे बारीक कृमी).

शेंगा भरताना पुन्हा कापून बघायचं आहे. तेव्हा आत हिरवट दिसलं तर काळजी नको, त्या वेळी गाठी म्हाताऱ्या होतातच.