एवढी मुलं दगावत होती तर मुंबई ओस कशी पडली नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण जुन्या मुंबईच्या जन्ममृत्यूच्या आकड्यांचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो. 1921 च्या मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेच्या वर बालमृत्यू, आणि एकाच खोलीत राहणाऱ्यांत तर आठशेच्या वर!! आकडा खराच छापलेला आहे, पण तो वाचायचा कसा ते सांगतो.

गिरणगावातली बाई बाळंतपणाला कुठे जायची? गावी, रत्नागिरीकडे नाहीतर घाटावर. म्हणजे जन्म तिकडे लागला, मग तीनचार महिन्यांचं पोर घेऊन ती परळ नाहीतर भायखळ्याच्या चाळीत परत आली, आणि पोर तिथे गेलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यात. त्यात घरी सुईणीच्या हातून झालेल्या कितीतरी जन्मांची वर्दीच कोणी देत नसे, पण मयत लपवता येत नाही, स्मशानात न्यावीच लागते ना. भागिले खालचा जन्मांचाच आकडा तोकडा, मग दर फुगणारच. मोठ्या माणसांचं बरोब्बर उलटं, क्षयाने खंगलेला गिरणीकामगार गावी जाऊन मरायचा, तो मुंबईच्या हिशेबात नाहीच.

पण म्हणून सगळा कागदाचा खेळ होता असं कोणी म्हणू नका हं. आई दहा तास गिरणीत, मूल खोलीत, आणि ते झोपून राहावं म्हणून बाळगोळी, म्हणजे अफूच. डॉ. बार्न्स यांनी 1920 नंतर लगेच गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ सगळ्याच कामगार बायका मुलांना अफू देत होत्या. त्या बायकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदाच मुंबई इलाख्यात 1929 ला आला!

आणि शहर ओस का नाही पडलं? एकदा थोडं पडलं होतं की. 1891 ला 8 लाख 21 हजार लोक होते ते 1901 च्या शिरगणतीत 7 लाख 76 हजार, प्लेगने मेले ते वेगळेच, पण ती मोजणी ऐन प्लेगच्या मोसमात झाली आणि अर्धी चाळ गावी पळालेली. 1906 ला पालिकेने परत मोजले तर पावणेदहा लाखांच्या वर. एवढी माणसं काय मुंबईत जन्मली? छे, 1921 ला दर शंभरात ऐंशीहून जास्त बाहेर जन्मलेले, त्यातले दोन लाखांहून जास्त तर एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले.