बचतगटाची हळद आणि 'सेव्ह' केलेला नंबर

'ग्राउंडस्वेल' वाचून झालं. चार्लीन ली आणि जॉश बर्नॉफ यांचं, सोशल मीडियावर गिऱ्हाइकांशी कसं जोडून घ्यावं याबद्दलचं हे पुस्तक २००८ चं, म्हणजे व्हॉट्सॲपच्याही आधीचं. तरी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात बसून वाचताना कुठंच शिळं वाटलं नाही. त्यातला क्रम मनात पक्का बसला: आधी माणसं, मग उद्देश, मग धोरण आणि सगळ्यात शेवटी तंत्रज्ञान.

म्हणून गावच्या बचतगटासाठी इन्स्टाग्राम खातं उघडायच्या आधी, हळद घेतं कोण ते वहीत उतरवून काढलं. नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला गेलेली आपलीच मंडळी, त्यांचे शेजारी, ऑफिसातले. आपल्याच तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे यातल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यांना खात्रीचा माल हवा. सगळे व्हॉट्सॲपवर, तेव्हा रील्स सध्या बाजूला.

मार्केटिंगवर लिहिणाऱ्या सेथ गोडिनचं 'परमिशन मार्केटिंग' हे पुस्तक १९९९ चं. गिऱ्हाइकाची परवानगी हीच खरी पुंजी, हे त्याचं म्हणणं व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) जसंच्या तसं दिसतं. एका यादीत २५६ नंबर, आणि मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. बरेच जण याला अडचण म्हणतात. मला तर हीच त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ज्यानं नंबर सेव्ह केला, त्यानं दार उघडून ठेवलंय!

आता प्रत्येक पाकिटात बचतगटातल्या मावशींच्या हातची चिठ्ठी जाते: 'नंबर सेव्ह करा, नवी हळद निघाली की कळवू.' कडेला त्यांच्या पिवळ्या बोटांचे ठसे असतात. ते मुद्दाम तसेच ठेवतो.

पाठवतो काय? काहिलीतल्या हळदीला काडी टोचून ती शिजली का ते पाहणं, वाळलेलं हळकुंड मोडल्यावर येणारा खणखणीत आवाज. 'रंग लावता का हो?' असं पुण्याच्या एका ताईंनी विचारलं, तर मावशींनी व्हॉइस नोटमधून पॉलिश कसं करतात ते सगळं सांगितलं. ती नोट परवानगी घेऊन सगळ्यांना पाठवली आणि त्यावर आलेल्या उत्तरांतूनच ऑर्डरी निघाल्या. जाहिरातीच्या मेसेजला असा प्रतिसाद कधी आला नव्हता.

सगळे नंबर वहीतही उतरवलेत. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा कितीकांचे फॉलोअर एका रात्रीत गेले, ते आपण पाहिलंय.

पुढचं काम कॅटलॉगचं: पाव, अर्धा आणि एक किलोचे फोटो, भावासकट. गावरान तुरीच्या डाळीची चौकशीही याच यादीतून सुरू झालीय. तुमच्यापैकी कुणी दोन माल एकाच यादीवर चालवत असेल तर कसं जमवता, ते जरूर सांगा.