तुम्ही विचारलंत म्हणून: तिसराच का?

हॅरी पॉटरच्या आठ सिनेमांपैकी तिसराच (‘प्रिझनर ऑफ अझ्कबान’) मी परत परत बघते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ज्यांनी पुस्तकं वाचलेली नसतात ते विचारतात, ‘गोष्ट माहीत असताना पुन्हा काय बघायचं?’ आणि ज्यांनी वाचलेली असतात ते तर चिडूनच विचारतात, ‘त्यात निम्मं पुस्तक गाळलंय, तरी तुम्हाला तोच कसा आवडतो?’

पहिल्यांचं उत्तर आधी देते. तिसऱ्या भागाची गोष्टच मुळी दुसऱ्यांदा बघण्याची आहे. शेवटाकडे हॅरीची मैत्रीण हर्मायनी टाइम-टर्नर, म्हणजे काळात मागे नेणारं यंत्र, फिरवते, ती आणि हॅरी काही तास मागे जातात आणि आपण मघाशी बघितलेली संध्याकाळ भोपळ्यांच्या आडून नव्यानं बघतात. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोननं हे नुसतं शेवटापुरतं ठेवलेलं नाही. खुणा आधीपासून पेरून ठेवल्यात. शाळेचा रखवालदार हॅग्रिड याच्या झोपडीत हॅरी, रॉन आणि हर्मायनी ही तिघं बसलेली असताना बाहेरून एक दगड येतो, बरणी फुटते. दुसरा दगड हॅरीच्या डोक्यात. तो वळून बघतो तर हॅग्रिडच्या लाडक्या प्राण्याला मारायला मंत्रीमहाशय आणि जल्लाद येताना दिसतात, म्हणून तिघं मागच्या दारानं सटकतात. पहिल्यांदा बघताना आपण दगडाचं काही मनावर घेत नाही. अर्ध्या तासानं कळतं की तो हर्मायनीनंच मारलेला. पुस्तकात हे दगड नाहीत. पौर्णिमेला लांडगा होणारे शिक्षक ल्युपिन हॅरीवर झेपावणार तेवढ्यात लांबून दुसऱ्या लांडग्याची हाक येते आणि तो तिकडे वळतो, तेही पुस्तकात नाही. तीही हाक हर्मायनीचीच! म्हणजे पटकथाकार स्टीव्ह क्लोव्ह्ज आणि क्वारोन यांनी मूळ यंत्रात स्वतःची दोन-तीन चाकं बसवली, आणि ती बिनबोभाट फिरतात.

हर्मायनी वर्गात उगवते तेही बघा. रॉन दोनदा विचारतो, ही कुठून आली, कधी आली? आपण हसून सोडून देतो. आता मी त्या वेळी रॉनकडे बघतच नाही, तिच्याकडे बघते.

पण खरी मजा ल्युपिनच्या पहिल्या तासाला आहे. कपाटात बोगार्ट बसलाय, समोर येणाऱ्याची जी सगळ्यात मोठी भीती, तिचं तो रूप घेतो. ग्रामोफोनवर रेकॉर्ड लागलीय, नेव्हिलला ज्याची भीती वाटते त्या खडूस मास्तर स्नेपला आजीचे कपडे चढलेत, पोरं खिदळतायत. मग हॅरीची पाळी येते, माणसातला आनंद शोषून घेणारा डिमेंटर उभा राहतो, आणि ल्युपिन मध्ये उडी घेतो. क्षणभर ढगांतून डोकावणारा पूर्ण चंद्र दिसतो, लगेच त्याचा पांढरा फुगा होऊन हवा सोडत पळतो. नवखा प्रेक्षक फुग्याला हसतो. ज्याला ल्युपिनचं गुपित माहीत आहे त्याला ल्युपिन झालेल्या डेव्हिड थ्यूलिसचा चेहरा दिसतो. भर वर्गात, सगळ्या मुलांसमोर, या माणसानं स्वतःचा आजार उघडा केलाय आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

स्नेपचं तर विचारूच नका. लांडगा समोर आल्यावर तो हात पसरून मुलांच्या पुढे उभा राहतो. पुस्तकात त्या वेळी तो बेशुद्ध आहे. सिनेमा 2004चा, सातवं आणि शेवटचं पुस्तक आलं 2007 साली. स्नेपचा तिथला शेवट ठाऊक असलेल्याला ते दोन सेकंद वेगळेच दिसतात.

आता गाळण्याबद्दल. क्विडिच या झाडूवरच्या खेळाचा चषक गेला, नाताळात आलेल्या फायरबोल्ट या नव्या झाडूवरून तिघांत झालेला अबोला गेला, त्याचं मला सोयरसुतक नाही. दुसरा सिनेमा 161 मिनिटांचा होता, हा त्याहून जाड पुस्तकावरचा असून 142 मिनिटांचा. कुठेतरी कात्री लागणारच. ती वाचलेली मिनिटं कुठे गेली तेही दिसतं: मारकुट्या विलो झाडाची पानं गळतात, मग ते अंगावरचा बर्फ झटकतं, आणि एकही पात्र न बोलता वर्ष पुढे सरकतं. पहिल्या दोन भागांतली शाळा चकचकीत होती. इथे डोंगर आहेत (ग्लेन्को, स्कॉटलंड), चिखल आहे, पोरांचे टाय सैल आहेत. क्वारोननं तिघा मुलांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला होता. एम्मा वॉटसननं (हर्मायनी) पानंच्या पानं लिहिली, रॅडक्लिफनं (हॅरी) एक पान, आणि रूपर्ट ग्रिंटनं (रॉन) काहीच दिलं नाही. यापेक्षा चांगली पात्रनिवड कुणी करून दाखवावी!

पण एक गोष्ट मी माफ केलेली नाही, आणि इथे चिडणाऱ्यांच्या बाजूनं मी उभी आहे. शाळेत कोण कुठे आहे ते दाखवणारा हॅरीकडचा जादूचा नकाशा कुणी बनवला, हे सिनेमा सांगतच नाही. त्यावरची मूनी, वर्मटेल, पॅडफूट, प्रॉन्ग्स ही टोपणनावं म्हणजे ल्युपिन, पेटिग्र्यू, सिरियस आणि हॅरीचे वडील, हे चार शाळूसोबती. पुस्तकात हे सगळं उलगडतं त्या पडक्या घरातल्या रात्रीला तीन प्रकरणं दिलीत. सिनेमात सगळे एकमेकांवर ओरडतात, आणि आटोपलं. माझ्या भाच्यानं पुस्तक न वाचता सिनेमा बघितला आणि विचारलं, ‘मावशी, पण हरीणच का?’ बरोबर विचारलंन. तळ्याकाठी डिमेंटरना पळवायला हॅरीच्या कांडीतून पांढरा सांबर निघतो, तो काही शोभेसाठी नाही. त्याचे वडील सांबराचं रूप घ्यायचे. मुलाला वाटत असतं की पलीकडच्या काठावर बाबा दिसले, आणि ते होते तो स्वतः. तरी त्या सांबरात बाबा आहेतच. पुस्तकाचं सगळं काळीज या एका गाठीत आहे आणि सिनेमानं ती बांधलीच नाही. दोन वाक्यांचं काम होतं. ल्युपिन नकाशा परत देतो तिथे बोलला असता तरी चाललं असतं.

म्हणून मला कुणी क्रम विचारला तर मी पुस्तक आधी सांगते. सिनेमा गाळतो ते वाचणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि सिनेमा घालतो ते मग त्याला दिसतं. कमाईत हा भाग आठांत सगळ्यात मागे राहिला, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

आणि हो, सुरुवातीला हॅरी पांघरुणात बसून कांडीनं उजेड पाडतो, ते शाळेबाहेर जादू न करण्याच्या नियमात कसं बसतं, हेही पुष्कळ जण विचारतात. बसत नाही. पुस्तकात बिचारा टॉर्च लावून निबंध लिहीत असतो. शेवटी झाडूवर बसलेल्या हॅरीचा तोंड वासलेला चेहरा पडद्यावर गोठतो त्याचंही समर्थन माझ्याकडे नाही. तिथे मी रिमोट शोधते.