जास्वंदीवरचा पट्टेवाला भुंगेरा आणि माझ्या मनगटावरचा फोड

आमच्या अमळनेरच्या घरी अंगणात लाल जास्वंद आहे, गणपतीत रोजची फुलं तिचीच. यंदा नेमकं चतुर्थीच्या दोन दिवस आधी सकाळी बघतो तर चार-पाच फुलांच्या पार चिंध्या झालेल्या आणि एका फुलात तोंड खुपसून बसलेला जाडजूड किडा, काळा कुळकुळीत, पाठीवर नारिंगी आडवे पट्टे. इतका देखणा की मला वाटलं काहीतरी दुर्मिळच सापडलं राव.

वरून एक फोटो काढला, मोबाईलच्या एका ॲपमध्ये टाकला, त्याने सांगितलं लेडीबर्ड. मी पण शहाणा, लगेच कॉलनीच्या ग्रुपवर टाकून मोकळा, "लेडीबर्ड आहे, मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) खातो, कोणी मारू नका". आता आठवलं की कसंतरी होतं, कारण लेडीबर्ड नखाएवढा पण नसतो आणि हा पट्टी लावली तर चांगला अडीच सेंटिमीटर, शिवाय वांग्याची पानं खाणारे एक-दोन प्रकार सोडले तर लेडीबर्ड मावा सोडून पाकळ्या कशाला कुरतडेल?

मग पूजेला फुलं राहायला हवीत म्हणून हातानेच झटकला. मनगटाला पिवळसर तेलकट थेंब लागला तो बनियनला पुसला आणि विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच टपोरा फोड, भाजल्यासारखा, पाणी भरलेला. मला वाटलं रात्री तव्याला हात लागला असेल.

दूध घालायला येणाऱ्या आबांनी आधी फोड बघितला, मग झाड. "ह्या तं हिंगे शेतस भाऊ, बाजरीवर पडतस. हात नको लावजो." बाजरीच्या कणसावर, तुरीच्या, भेंडीच्या फुलावर ते नेहमी बघतात म्हणे. पण हिंगे म्हणून दोन-तीन प्रकारचे भुंगेरे चालून जातात, म्हणून धुळ्याला ॲग्रीला शिकणाऱ्या भाचीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, "मामा, वरून काय काढलाय, बाजूने काढा, मान दिसू द्या, पाय दिसू द्या."

मग दुसरा एक काचेच्या ग्लासखाली धरला, खालून कागद सरकवला आणि अर्धा तास त्याच्यामागे. थांबतच नाही हो तो! मान बघायची म्हणजे डोकं आणि पाठ यांच्यामधला भाग बारीक आहे का, तर होता, दोन्हीपेक्षा अरुंद. मिशा लांब, मण्यांच्या माळेसारख्या. आणि खरी गंमत पायात, पुढच्या आणि मधल्या पायांच्या पावलाला पाच-पाच पेरं, मागच्या पायांना चारच. झूम करून तीनदा मोजली मी, बायको म्हणे मोदकाचं सारण कोण करणार.

भाची म्हणाली ब्लिस्टर बीटल, म्हणजे फोड आणणारा भुंगेरा, शास्त्रीय नाव मायलाब्रिस पुस्तुलाटा. पट्टे पिवळसर ते लाल कसेही असतात, नुसत्या रंगावरून ओळखू नका म्हणे. दाबला किंवा घाबरला की हा गुडघ्याच्या सांध्यातून रक्त सोडतो आणि त्यात कॅन्थारिडिन नावाचं फोड आणणारं विष असतं, 1810 मध्ये रोबिके नावाच्या फ्रेंच केमिस्टने युरोपातल्या याच्याच भाऊबंदातून वेगळं काढलेलं. चटका लगेच बसत नाही, फोड काही तासांनी येतो, म्हणून माझा तव्यावर संशय. फोड कातडीच्या वरच्या थरातच असतो म्हणून डाग राहत नाही, माझा पण आठवड्यात गेला. मी एक मेलेला काडेपेटीत ठेवणार होतो पोरांना दाखवायला, तर ती ओरडलीच, वाळला तरी विष तसंच राहतं!

याच्या अळ्या मात्र जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात, म्हणजे शेतकऱ्याचं थोडं भलं पण करतो. मी तरी जास्वंदीवरचे चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाकले, गणपती तोंडावर असताना मला एवढं मन मोठं करणं जमलं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर चूक दुरुस्त करायला गेलो तर माझा जुना मेसेज तीन जणांनी पुढे पाठवलेला, आणि मागच्या गल्लीतल्या एकाने तर पोरीच्या तळहातावर तोच भुंगेरा ठेवून फोटो टाकलेला, "आमच्याकडे पण लेडीबर्ड". तसाच फोन लावला, म्हटलं आधी पोरीचे हात साबणाने धू, आणि डोळे चोळू देऊ नको तिला, बाकी घरी येऊन सांगतो.