रंगाचा रकाना

आज भाचीचं नाव एका विवाह मंडळात नोंदवत होते. शिक्षण, नोकरी, गोत्र, उंची झाली आणि पुढे आलं ‘कॉम्प्लेक्शन’. पर्याय चार: व्हेरी फेअर, फेअर, व्हीटिश, डार्क. आमची पोर सावळी आहे, नाकीडोळी इतकी नीटस की बघत राहावं. ताई म्हणाली, "व्हीटिश टाक गं. डार्क दिसलं की लोक पुढे वाचतच नाहीत."

जीव तुटला माझा. गोरेपणाच्या दोन पायऱ्या, आणि सावळ्यापासून काळ्याकुट्टापर्यंत सगळ्यांना मिळून एकच शब्द! मग भीतीपोटी अर्धा महाराष्ट्र ‘व्हीटिश’ होतो. ‘डस्की’ म्हणून कौतुक होतं ते मॉडेलचं, सुनेचं नाही.

२०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातलं ‘फेअर’ गेलं, शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला. फार बरं झालं. पण हा छापील फॉर्म अजून तसाच आहे. आणि फरक कशाचा, तर मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याचा. ते बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या त्वचेत साधारण सारख्याच असतात. कुणाच्या जास्त बनवतात, कुणाच्या कमी. यावरून मुलगी नाकारायची?

भाची शांतपणे म्हणाली, "मावशी, फोटो लाव ना, दिसेलच." लावला, एडिट न करता. रकाना कोरा ठेवलाय. मंडळाच्या काकूंना फोन करून तो काढूनच टाका म्हटलं. "मीटिंगमध्ये विषय घेते" म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करणार आहे.